डेमोला बसताना लाल वही जवळ ठेवा

प्रश्न : मी शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत २३ वर्षं टाइम ऑफिस सांभाळते. कायम आणि ठेकेदाराकडची मिळून १८० माणसं. पंचिंग मशीनवरून हजेरी उतरवायची, एक्सेलमध्ये मस्टर भरायचं, ओटी (जादा तासांचा पगार), उचल, पीएफ, ईएसआय (कामगार विमा) लावून पगार काढायचा आणि सात तारखेच्या आत बँकेला यादी पाठवायची. हे सगळं मी आणि एक मदतनीस मुलगा करतो. फाइल ऑफिसच्या कॉम्प्युटरवर असते, एक कॉपी माझ्या पर्समधल्या पेन ड्राइव्हवर.

दिवाळीपासून धाकटे साहेब कारभार बघतात. त्यांना क्लाउडवरचं एचआर सॉफ्टवेअर घ्यायचंय. तीन कंपन्यांचे डेमो ठरलेत. "ताई, तुम्हीच बघून सांगा कुठलं घ्यायचं," असं म्हणालेत. एकीचा दर माणशी महिना ६० रुपये आहे. हजेरी, रजा, पगाराची स्लिप सगळं मोबाइलवर. आमच्या मोल्डिंगच्या, म्हणजे वाळूचे साचे करणाऱ्या लोकांचा थंबसुद्धा (अंगठ्याचा ठसा) मशीनवर धड लागत नाही, त्यांना हे कसं जमायचं? सगळ्यांचे आधार, बँक खाती, पगार असे बाहेर कुठेतरी ठेवणं सुरक्षित आहे का? नेट गेलं तर पगार थांबणार का? आणि खरं सांगायचं तर, हे आल्यावर माझं काय? निवृत्तीला सहा वर्षं आहेत. माझ्याकडे एक लाल वही आहे. थोरल्या साहेबांनी तोंडी दिलेल्या सवलती, कुणाची किती उचल, कुणाचा कुठला दिवस कसा धरायचा, सगळं तिच्यात आहे. ती दिली नाही तर सॉफ्टवेअर चालणार नाही, हे मला माहीत आहे. द्यावी का?
– एक टाइम ऑफिसवाली, कोल्हापूर

उत्तर :

ताई, आधी वहीचं बोलू. तुमचे बाकीचे सगळे प्रश्न फिरून तिच्यापाशीच येतात.

ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ हायवेवर आलं आणि पुणे-बंगळुरू रस्ता कित्येक दिवस बंद पडला. जुलै २०२१ मध्ये पुन्हा तेच. नदीच्या पलीकडून येणाऱ्या तुमच्या माणसांचे ते दिवस तुम्ही कसे धरलेत? बिनपगारी? रजेतून वळते केले? की नंतरच्या सुट्ट्यांना बोलावून भरून घेतले? जे काही केलं असेल ते कुठल्याही सॉफ्टवेअरच्या मेनूत सापडायचं नाही. थोरले साहेब गेटपाशी उभं राहून एक वाक्य बोलले असतील आणि तुम्ही ते त्याच संध्याकाळी वहीत उतरवलं असेल. कारखाना अशा वाक्यांवर चालतो. क्लाउड असो नाहीतर आणखी काही, विकायला येणाऱ्या मुलाला हे ठाऊक नसतं आणि बहुतेक वेळा धाकट्या साहेबांनाही नसतं.

तर वही द्यायची. का, ते माझ्या एका आठवणीवरून सांगतो.

मी नोकरीत असताना एका कारखान्यात आमच्याकडेही नवं पगाराचं सॉफ्टवेअर आलं. कारखान्याचं नाव नको. आमचे टाइम कीपर तुमच्यासारखेच जुने, तुमच्यापेक्षा थोडे जास्त मानी. त्यांना कुणी काही विचारलं नाही, म्हणून त्यांनीही कुणाला काही सांगितलं नाही. तिसऱ्या पाळीचा माणूस रात्री पावणेअकराला आत येतो आणि दुसऱ्या तारखेला सकाळी सातला बाहेर पडतो. सॉफ्टवेअरने पहिल्या तारखेला 'आत आला, बाहेर पडलाच नाही' आणि दुसऱ्या तारखेला 'बाहेर पडला, आत आलाच नव्हता' असं धरलं आणि दोन्ही दिवस अर्धे टाकले. हे होणार, हे त्यांना पहिल्या दिवसापासून दिसत होतं. पगाराच्या दिवशी ते खुर्चीत शांत बसून राहिले, जरा हसतसुद्धा होते. मग खिडकीपुढे रांग लागली. तिसऱ्या पाळीची सगळी माणसं, हातात निम्म्या पगाराच्या स्लिपा. त्या रांगेत त्यांचा सख्खा पुतण्या होता, त्याच महिन्यात बहिणीचं लग्न काढलेला. साहेबांचं काही बिघडलं नाही. त्यांनी सॉफ्टवेअर कंपनीला चार शब्द सुनावले आणि ते जेवायला गेले.

लपवलेल्या वहीचा फटका असा भलत्याच माणसाला बसतो. तुमच्या मनात तसं काही नाही हे पत्रावरून कळतंय, नाहीतर 'द्यावी का' असं विचारलंच नसतं.

आता ती कशी द्यायची, ते. वही आहे तशी कुणाच्या हातात ठेवू नका. चार संध्याकाळी बसा आणि तिच्यातल्या नोंदी वेगळ्या काढा. काही गोष्टी कायमच्या नियमासारख्या असतील. उदाहरणार्थ, 'दहा मिनिटं उशीर महिन्यातून तीनदा माफ' किंवा 'सुट्टीच्या वारी बोलावलं तर त्याच आठवड्यात बदली सुट्टी'. या सॉफ्टवेअरमध्ये बसवता येतात आणि बसवायलाच हव्यात. काही एकेकदाच घडलेल्या असतील, पुरासारख्या. त्या फक्त जुन्या नोंदी म्हणून राहू द्या. तिसरा ढीग अवघड असतो. ओटीचे काही तास व्हाउचरवर रोखीने दिले, कुणाचा पीएफ अमुक महिन्यापासूनच चालू केला, असं काही तुमच्या वहीत असेल किंवा नसेलही. मी विचारत नाही. असलं तर ते सॉफ्टवेअर घेणार नाही, आणि घेऊही नये. कायद्याने ओटी दुप्पट दराने द्यायची असते, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. तो ढीग घेऊन थोरल्या साहेबांकडे जा आणि शक्य असेल तर तेव्हा त्यांचा लेबर कन्सल्टंटही बसलेला असू द्या. या गोष्टी त्यांनी सांगितल्या, तुम्ही फक्त लिहून ठेवल्या. इतकी वर्षं त्यांचं ओझं वागवलंत तेवढं पुरे. पहिल्या ढिगाचा टाइप केलेला कागद धाकट्या साहेबांच्या सहीने पक्का करून घ्या. सॉफ्टवेअरवाल्याला तोच द्यायचा.

आता डेमो. हे सगळे डेमो छान असतात. विकणाऱ्याच्या लॅपटॉपवर दहा माणसांची एक बनावट कंपनी असते, तिथे सगळे सकाळी नऊला येतात, संध्याकाळी सहाला जातात आणि कुणाची उचल नसते. तुम्ही तुमच्या खऱ्या महिन्यातली चार-पाच माणसं घेऊन बसा. आधार आणि खाते नंबर खोडून, पण पंच जसेच्या तसे. तिसऱ्या पाळीचा एक माणूस, ज्याने मधे पाळी बदलून घेतली असा. संपूर्ण महिन्याचे त्याचे पंच टाकायला लावा आणि पगाराचे दिवस किती येतात ते बघा. तुमच्या आकड्याशी जुळले नाहीत तर 'मॅडम, हे इम्प्लिमेंटेशनच्या वेळी सेट करू' असं उत्तर येईल. "आत्ताच करून दाखवा," म्हणा. करता येत असेल तर दहा मिनिटांचं काम आहे.

मग व्यवसाय कर काढायला सांगा. महाराष्ट्रात दहा हजारांवरच्या पगाराला पुरुषांचा महिन्याला २०० रुपये, पण फेब्रुवारीत ३००. बायकांना २५,००० रुपयांपर्यंतच्या पगारावर तो एप्रिल २०२३ पासून लागतच नाही. फेब्रुवारी लावून बघा आणि पॅकिंगमधल्या एखाद्या बाईंचा पगार काढून बघा. दुसऱ्या राज्यातल्या कंपनीने घाईत महाराष्ट्र जोडलेला असेल तर इथेच ठेच लागते. कामगार कल्याण निधीची कपात जून आणि डिसेंबरमध्येच येते का, तेही तपासा. ईएसआयचीही एक गंमत आहे. पगार २१,००० च्या वर गेला की माणूस योजनेबाहेर जातो, पण लगेच नाही. एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च अशा दोन मुदती असतात आणि मुदत संपेपर्यंत कपात चालू ठेवावी लागते. जानेवारीत पगारवाढ देऊन एकाला २१,५०० वर न्या. जानेवारीतच त्याची ईएसआय बंद झाली, तर सॉफ्टवेअर कच्चं आहे किंवा दाखवणारा तरी कच्चा आहे.

त्यानंतर नावं. कोल्हापूरच्या टाइम ऑफिसात हा वेगळाच विषय आहे. मस्टरवर 'बाळासो', आधारवर 'बाळासाहेब', पीएफच्या यूएएनवर (कायमच्या खाते नंबरावर) इंग्रजीतून आलेलं 'बाळासाब', आणि बँकेत वडिलांच्या नावासकट आडनाव आधी. तुम्ही बघताक्षणी ओळखता, सॉफ्टवेअरला ती चार माणसं दिसतात. वर एकाच नावाचे तीन पाटील, तुमच्या तोंडी वडणग्याचा, हेर्ल्याचा आणि शियेचा. माहिती नव्या सॉफ्टवेअरमध्ये चढवताना सगळ्यात जास्त चुका इथे होतात, आणि शियेच्या पाटलांची उचल हेर्ल्याच्या पाटलांच्या पगारातून कापली गेली की गेटवर जे होतं ते तुम्ही डोळ्यांपुढे आणू शकता. म्हणून करार होण्याआधीच १८० माणसांची आधार, यूएएन आणि बँकेतली नावं शेजारीशेजारी लिहून काढायला बसा. मदतनीस मुलाला यात घ्या. हे काम सॉफ्टवेअर घेतलं नाही तरी वाया जायचं नाही. पीएफ काढताना नावातल्या फरकापायी अडकलेली माणसं तुम्ही किती पाहिली असतील!

थंबचं तुम्ही अगदी बरोबर लिहिलंय. "ताई, थंब लागंना झालाय बघा," हे वाक्य मीही ऐकलंय. वाळूत वर्षानुवर्षं हात घालून बोटांवरच्या रेषा घासून जातात, त्यात त्या माणसाचा काय दोष? चेहरा ओळखणारं मशीन हा त्यावर बरा उपाय आहे, पण ते शोरूममधल्या उजेडात तपासू नका. आठवडाभर चाचणीला मागून घ्या, मोल्डिंगच्या दारापाशी लावा आणि पाळी सुटताना काळवंडलेल्या तोंडांनी माणसं बाहेर पडतात तेव्हा कितीजणांना ते ओळखतं ते मोजा. चेहऱ्याची माहिती मशीनमध्येच राहते की कंपनीच्या सर्व्हरवर जाते, हे लेखी विचारा. स्वतःच्या मोबाइलवरून हजेरी लावणं फिरतीवरच्या सेल्सच्या माणसांना ठीक, फाउंड्रीत मला ते पटत नाही. मोबाइल घरी मुलाकडे असतो, चार्जिंग नसतं, शिवाय माणूस कुठे आहे हे दिवसभर कळत राहतं. गेटवर एक मशीन असावं आणि हजेरी तिथेच लागावी.

स्लिप मात्र मोबाइलवर जरूर द्या. पगार कसा बसला, किती ओटी धरली, उचल किती उरली, हे माणसाला घरी बसून वाचता आलं की तुमच्या खिडकीपुढची निम्मी रांग कमी होईल. मराठीत दिसते का ते बघा. 'मराठी आहे' म्हणतात आणि फक्त वरचं शीर्षक मराठीत असतं, खाली सगळं इंग्रजी. पहिले सहा महिने कागदी स्लिपही चालू ठेवा.

आता सुरक्षितता. क्लाउड म्हणजे ढगाबिगात काही नसतं. तुमचा हिशोब सॉफ्टवेअर कंपनीच्या, किंवा तिने भाड्याने घेतलेल्या, मोठ्या सर्व्हरवर असतो आणि तुम्ही तो इंटरनेटवरून उघडता. ही कल्पना जुनी आहे. अमेरिकेतली वर्कडे कंपनी याच कल्पनेवर २००५ साली उभी राहिली, आणि आपल्याकडेही आता हैदराबाद, बंगळुरू, चेन्नईच्या कंपन्या लहान कारखान्यांना परवडेल असं बनवतात. बाहेर ठेवणं सुरक्षित आहे का, असं विचारलंत. उलट मी विचारतो, पर्समधला पेन ड्राइव्ह सुरक्षित आहे का? के.एम.टी. बसच्या गर्दीत पर्स गेली तर १८० माणसांचे आधार आणि खाते नंबर कुणाच्या हाती पडतील? त्या ड्राइव्हला पासवर्ड तरी आहे का? चांगल्या कंपनीचा सर्व्हर त्यापेक्षा नक्कीच सुरक्षित असतो. गळती बहुतेक वेळा आपल्या बाजूनेच होते. अ‍ॅडमिनचा एकच पासवर्ड, तोही व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर टाकलेला, आणि तिघं-चौघं वापरणारे. हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

२०२३च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने एक गोष्ट स्पष्ट केली आहे. माहिती दुसऱ्याकडे सांभाळायला दिली तरी जबाबदारी ती गोळा करणाऱ्याची, म्हणजे तुमच्या कारखान्याची. त्या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, ते टप्प्याटप्प्याने लागू होताहेत, आणि माहिती नीट न सांभाळल्याचा दंड २५० कोटींपर्यंत जाऊ शकतो. धाकट्या साहेबांना हा आकडा सांगा, त्यांचं लक्ष लागेल. मग तीन गोष्टी मागा. सुपरवायझरला फक्त हजेरी आणि रजा दिसावी, पगार आणि आधार दिसू नये. प्रत्येकाचं लॉगिन वेगळं असावं आणि मोबाइलवर ओटीपी आल्याशिवाय ते उघडू नये. आणि कुणाचंही बँक खातं बदलायचं तर एकाने भरायचं, दुसऱ्याने मंजूर करायचं. ही शेवटची गोष्ट अजिबात सोडू नका. अमेरिकेतल्या काही विद्यापीठांत चोरांनी फसव्या ईमेलने कर्मचाऱ्यांची लॉगिन मिळवली, आत शिरून पगाराचं खातं बदललं आणि पगार परस्पर स्वतःकडे वळवला. मायक्रोसॉफ्टने २०२५ मध्ये हे उघड केलं. सॉफ्टवेअरमध्ये तिथे काही भोक नव्हतं.

तरीही कंपनीचा सर्व्हरच बंद पडला तर? पडतो. डिसेंबर २०२१ मध्ये अमेरिकेत क्रोनॉस या हजेरी-पगाराच्या क्लाउडवर खंडणीखोरांनी हल्ला केला आणि मोठमोठी रुग्णालयं, कंपन्या कित्येक आठवडे आपल्याच हजेरीला मुकल्या. कुठे कागदावर तास लिहिले गेले, कुठे आधीचाच पगार तसाच पुन्हा देऊन वेळ मारून नेली. तेव्हा पगार निघाल्यावर दर महिन्याला मस्टर, पगारपत्रक, रजेची शिल्लक आणि उचलीचा हिशोब एक्सेलमध्ये उतरवून ऑफिसमध्ये ठेवायचा. हा तुमच्या कामाचा भाग समजा. करार संपला तर सगळी माहिती कुठल्या स्वरूपात परत मिळेल, किती दिवसांत, आणि त्यांच्याकडची कधी पुसली जाईल, हे करारात लिहून घ्या. भाड्याच्या घरात शिरताना सामान बाहेर काढायचं दार किती रुंद आहे ते आधी बघतात, तसं हे. नेटचं मात्र मनावर घेऊ नका. गेटवरचं मशीन नेट नसतानाही पंच साठवून ठेवतं का एवढं बघा. पगार काढायचा एक दिवस मोबाइलच्या नेटवरही भागतो.

पैशाचं पटकन सांगतो. ६० रुपये दराने १८० माणसांचे महिन्याला १०,८००, त्यावर १८ टक्के जीएसटी धरून १२,७४४, वर्षाला १,५२,९२८. यात सुरुवातीला माहिती चढवून देण्याचे पैसे आणि चेहऱ्याचं मशीन धरलेलं नाही. ठेकेदाराच्या माणसांचे पैसे कोण देणार? सोडून गेलेल्यांचे मोजतात का? दुसऱ्या वर्षी दर किती वाढणार? एवढं विचारा आणि पुढे चला.

खरा फायदा मला दुसरीकडे दिसतो. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता, म्हणजे जुने कामगार कायदे एकत्र करून केलेले चार नवे कायदे, लागू झाल्या. वेतनाची व्याख्या बदलली. भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याच्या वर गेले तर वरचा भाग वेतनात धरायचा, त्यामुळे ज्यांचा मूळ पगार कमी दाखवून भत्ते फुगवलेत त्यांचा सगळा हिशोब हलतो. माणूस सोडून गेला किंवा काढला तर त्याचं वेतन दोन कामाच्या दिवसांत चुकतं करायचं. तुमच्या एक्सेलमध्ये हे बदल तुम्हाला एकेका सूत्रात जाऊन करावे लागतील, आणि दोन दिवसांत फुल अँड फायनल म्हणजे ऐन पगाराच्या आठवड्यात कुणी राजीनामा दिला तर तुमची रात्र गेली. क्लाउडवर कंपनी एकदा बदल करते आणि तो सगळ्या गिऱ्हाइकांना लागू होतो. मात्र तिने कायद्याचा अर्थ चुकीचा लावला तर ती चूकही सगळ्यांना लागू होते, म्हणून आकडे तपासणारं माणूस लागतंच. डेमोत हेही विचारा, "संहितांनंतर वेतनाची व्याख्या कशी बसवलीत, ते दाखवा." तिघांपैकी जो गडबडेल तो आपोआप गळला.

आणि एकदम उडी मारू नका. आपल्या भागातला शेतकरी उसाची गाडी आधी बाहेरच्या खाजगी काट्यावर तोलतो आणि मग कारखान्याच्या काट्यावर चढवतो. कारखान्यावर अविश्वास असतोच असं नाही, पण चिठ्ठी खिशात असलेली बरी. तसंच जानेवारी, फेब्रुवारी, मार्च हे तीन महिने पगार तुमच्या एक्सेलवरही काढा आणि नव्यावरही. द्यायचा एक्सेलचा. दोन्ही यादी शेजारी ठेवून प्रत्येक माणसाचा फरक बघा, रुपयाचा असला तरी. फेब्रुवारीतले ३०० रुपये यातच तपासले जातील. आकडे जुळले तर एप्रिलपासून, नव्या आर्थिक वर्षापासून, नव्यावर जा. नाही जुळले तर एप्रिलमध्ये जायचं नाही, आणि हे साहेबांना आत्ताच सांगून ठेवा. तीन महिने तुम्हाला दुप्पट काम पडेल. त्याचा ओटी मागा, लाजू नका.

शेवटी तुमचं काय. खोटा धीर देत नाही. मशीनवरून हजेरी उतरवणं, मस्टर भरणं, पीएफ भरण्यासाठी ईसीआरची फाइल बनवणं, हे तुमच्या महिन्यातले कितीतरी दिवस खाणारं काम जाणार. साहेब उद्या म्हणू शकतात, की आता एका माणसात भागेल. असं म्हणतील तेव्हा त्यांना कॅनडाची गोष्ट सांगा. तिथल्या सरकारने २०१६ मध्ये फिनिक्स नावाची नवी पगार-यंत्रणा सुरू केली. त्याआधीच निरनिराळ्या खात्यांत बसून पगाराची अडलेली प्रकरणं सोडवणारी सुमारे १,२०० माणसं कमी केली आणि सगळं काम मिरामिशी नावाच्या गावातल्या एका केंद्रात नेलं. फिनिक्स आजच्या अर्थाने क्लाउडवरचं नव्हतं, पण पुढे जे झालं ते कुठल्याही सॉफ्टवेअरला लागू आहे. लाखाहून अधिक सरकारी नोकरांचे पगार चुकले, कुणाला जास्त मिळाले, कुणाला मिळालेच नाहीत, आणि निस्तरायला वर्षांमागून वर्षं गेली. तिथल्या महालेखापरीक्षकांनी २०१८ मध्ये त्याला अनाकलनीय अपयश म्हटलं. मला त्यात अनाकलनीय असं फारसं दिसत नाही. ज्यांच्याकडे लाल वह्या होत्या त्यांना त्यांनी आधी घरी पाठवलं.

साहेबांनी तुम्हालाच निवडायला सांगितलंय. याचा उपयोग करा. सॉफ्टवेअरची मुख्य अ‍ॅडमिन तुम्ही असाल आणि पगार मंजूर होण्याआधीची शेवटची तपासणी तुमची असेल, हे ऑफिस ऑर्डरमध्ये लिहून मागा. कंपनीचं प्रशिक्षण तुम्ही आणि तो मुलगा दोघांनी घ्या. त्याला पुढे करून स्वतः मागे राहू नका. 'मला कॉम्प्युटरमधलं कळत नाही' हे वाक्य तर तोंडून काढूच नका. २३ वर्षं एक्सेलवर १८० माणसांचे पगार काढणाऱ्या बाईला रजेचा एक नियम बसवायला काय अवघड आहे? सहा वर्षांत तुम्ही त्या मुलाला वडणग्याचा पाटील कोण आणि शियेचा कोण हे शिकवलंत, की पुढचं तो बघेल.

पहिला डेमो बहुतेक सकाळी असेल. आदल्या दिवशी तिसऱ्या पाळीच्या त्या माणसाच्या पंचचा कागद छापून ठेवा, बाळासोंच्या चारही नावांचा कागद बरोबर घ्या, चहा येण्याआधी फेब्रुवारी लावायला सांगा. आणि तिसरा ढीग वगळून लाल वहीची झेरॉक्स काढून घ्या. द्यायची ती झेरॉक्स आणि टाइप केलेला कागद. मूळ वही तुमच्याच ड्रॉवरमध्ये राहू द्या, किल्लीसकट.